विल्बर्न टॅकेटचे रबरी क्रॉफिश

बर्फाच्या पेटीत हात घालण्याआधी डेल प्रुइटने बाह्या वर सरकवल्या. "माफ करा, मिस्टर विल्बर्न. तक्रार आलीय. बघावं लागणार."

"बघ ना, बाळा. चावत नाहीत ते," विल्बर्न टॅकेट म्हणाला.

धक्क्यावरची मंडळी हसली. रस्टी तेवढा हसला नाही, कारण तक्रार त्याचीच होती.

क्लबच्या बास मासे धरण्याच्या स्पर्धेत गळाला जिवंत आमिष लावायला सक्त बंदी. रबरी लावा, लाकडी लावा, श्वास घेणारं काही चालत नाही. बास ज्याच्यावर तुटून पडतो तो क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यावाला झिंगा. विल्बर्न रबरी क्रॉफिश लावून सलग तीन वर्षं जिंकला होता आणि रबराला भुलून एवढे मासे येत नसतात, असं रस्टी गावभर सांगत फिरत होता. म्हणून आज डेल पंच म्हणून दिवसभर विल्बर्नच्या बोटीत बसणार होता. एक जरी जिवंत क्रॉफिश सापडला असता, तरी तिन्ही चषक परत गेले असते आणि एकोणसत्तराव्या वर्षी विल्बर्नला तळ्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पेटीतले क्रॉफिश हाताला गारेगार लागले.

"बर्फात कशाला ठेवता हो?"

"अर्कान्सासचा जून आहे, पोरा. उन्हात रबराचा लगदा होतो."

डेलने एक उचलून चाकूने उभा चिरला. आत रबरच होतं, माशाला चव लागावी म्हणून मीठ घातलेलं.

"आणखी चीर की," विल्बर्न म्हणाला. "एकेकाला तासभर लागतो मला, पण तू चीर. मनात काही राहायला नको."

डेलला लाज वाटली. त्याने झाकण लावलं.

बोट खडकाळ किनाऱ्याशी लागल्यावर विल्बर्नने मांडीवर फळी घेतली आणि ब्लेड काढलं. दुकानातला क्रॉफिश म्हणजे नुसता ठोकळा. विल्बर्नने नांग्यांच्या मुळाशी बारीक काप दिले आणि टोकांत फोमचे कण खोवले, म्हणजे पाण्यात नांग्या आपोआप वर उठतात. शेपटी तासून पातळ केली. मग डावी नांगी थोडी छाटली.

"ही छोटी का?" डेलने विचारलं.

"भांडणात तुटते यांची. परत उगवते ती छोटीच. बासला हे माहीत असतं, कारखानदाराला नसतं."

नांग्यांची टोकं त्याने नारिंगी रंगात बुडवली आणि थर्मासमधल्या गरम पाण्यात क्रॉफिश धरला. "नुकती कात टाकलेला क्रॉफिश असा मऊ असतो. त्याच्यावर बास जीव टाकतो. दाबून बघ."

डेलने दाबून पाहिला आणि बघतच राहिला. वीस वर्षं तो स्वतः मासे धरत होता, घरी आमिषं कातरतही होता, पण असा हात त्याने पाहिला नव्हता. म्हाताऱ्याची बोटं जाडजूड, नखं काळी, आणि काम मात्र सोनाराचं! अशा माणसावर आपण पहारा करतोय याचं डेलला मनापासून वाईट वाटलं.

"रस्टी जळतो तुमच्यावर," तो म्हणाला.

"जळू दे. थंडीत बरं पडतं."

मासे अगदी रांग लावून आले. एक बास आमिष फाडायचा, विल्बर्न पेटीतून दुसरं काढून गळाला लावायचा. ते काढताना तो काही ना काही सांगत असायचा आणि डेल त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत असायचा. दुपारपर्यंत स्पर्धेत वजनाला लागणारे पाचही मासे बोटीतल्या टाकीत पडले होते.

धक्क्यावरच्या काट्यावर एकवीस पौंड भरले. रस्टीचे सतरा.

"मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो," डेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "रबर आहे. रबरात जीव ओतणारा माणूस मी आज पाहिला." त्याने कागदावर सही ठोकली.

रस्टी पुढे आला आणि टोपी काढून उभा राहिला. "चुकलं माझं, मिस्टर विल्बर्न."

"सोड रे," विल्बर्न खाली बघत म्हणाला.

टाळ्या थांबल्यावर डेल हळूच त्याच्याजवळ गेला. "एक द्याल? बायकोला दाखवतो. नाहीतर तिला खरं वाटायचं नाही."

विल्बर्न जरा थांबला. लोक बघत होते. त्याने पेटी उघडली, एक क्रॉफिश उचलला, डोळ्यांजवळ नेला, परत ठेवला. दुसरा घेतला. पोट दाबलं, शेपटी वाकवली, वास घेतला. मग त्याचा चेहरा खुलला.

"हा घे. हाताने केलेला आहे, जपून ने."

डेलने तो ट्रकमध्ये समोरच्या काचेपाशी, रुमालावर ठेवला. ऊन थेट त्याच्यावर पडत होतं, बर्फाचा गारठा उतरत होता. रबर वितळेल म्हणून गावातल्या सिग्नलला थांबल्यावर डेलने तो सावलीत सरकवायला हात पुढे केला.

क्रॉफिशने दोन्ही नांग्या उगारल्या आणि त्याचं बोट धरलं.