हत्तीचं कार्ड

"हत्ती म्हण, गार्गी." चित्राचं कार्ड मी पुन्हा तिच्यापुढे नाचवलं. अडीच वर्षांची माझी लेक भिंतीकडे बघत राहिली. तिचे बाबा बोटीवर नोकरीला गेल्यापासून ती गप्पच झाली होती.

मला चैन पडेना. आत-बाहेर येरझारा घालताना ओट्यावरची चाळणी दिसली. गार्गीचे बाबा ती डोक्यावर पालथी घालून कंडक्टर व्हायचे, पाटावर बसलेल्या लेकीला कागदाचं तिकीट फाडून द्यायचे. "शिकवायचं सोडून हे काय खूळ," म्हणून मी चिडायचे.

आज मीच चाळणी घातली. "चला, पुढे सरका."

गार्गी उठली. पाट ओढत आणून त्यावर बसली आणि तिनं हात पुढे केला.

"तिकीट."

मी दुसरा कागद शोधत बसले नाही. हत्तीचंच कार्ड फाडलं.