चावीची वायर

पालमच्या बसस्थानकामागे मंजुषाची जुनी पिकअप सकाळपासून बॉनेट उघडून उभी होती. चार दिवस झाले, रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी सुरूच होत नव्हती. बॅटरी उतरलेली. भाजीचे क्रेट भरून झाले की दिसेल त्याला हाका मारायच्या आणि गाडी ढकलून घ्यायची.

चन्नप्पा मिस्त्रींनी चावी काढली, बॅटरीची एक वायर सोडली आणि मधे छोटा दिवा जोडला. दिवा लागला.

"बघा ताई. गाडी बंद हाय, तरी कायतरी करंट खायलंय."

त्यांनी एकेक फ्यूज उपसून पाहिला. दिवा तसाच. आल्टरनेटर सोडला. दिवा तसाच. ऊन डोक्यावर आलं. मंजुषा पुढच्या चाकाला टेकून बसली होती. पहाटे उठलेली, बोलायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

शेवटी मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणे झाले. "ही वायर गाडीसोबतची न्हाई," ते आतून म्हणाले. वायर तोडल्याचा आवाज आला आणि दिवा विझला.

बाहेर येऊन त्यांनी काडेपेटीएवढी काळी डबी तिच्या हातावर ठेवली.

"जीपीएस हाय. गाडी कुठं हाय ते मोबाइलवर दिसतं. तुमची बॅटरी जुनी, आन् ह्ये रातंदिस चालू. तुमीच बसवलं व्हतं का?"

मंजुषा डबीकडे बघत राहिली. पाय मोडून तिचा नवरा परमेश्वर घरी बसला, तेव्हापासून गाडी तीच चालवत होती. दिवाळीनंतर तो अचानक विचारू लागला, "चुडाव्याला अर्धा तास का थांबलीस?" याला कोण सांगतं? तिचा संशय तिथल्या चहावाल्या दत्तरावांवर गेला. दोन महिने तिने त्यांच्याकडे चहा घेतला नव्हता. त्यांनी हाक मारली तरी मान वळवली नव्हती.

"त्या म्हाताऱ्याला उगंच..." ती पुटपुटली.

"फेकून देऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको. चावीच्या वायरवर जोडा."

"मंग गाडी चालू असली तरच दिसंल. बंद केली की न्हाई."

"तेवढंच दिसू द्या."

मिस्त्रींनी पक्कड उचलली. डबी घेऊन पुन्हा आत शिरले.

तिचा फोन वाजला. परमेश्वर होता.

"कुठं हायस?"

दोन महिन्यांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"गाडी मिस्त्रीपाशी हाय," ती म्हणाली. चपला काढून तिने पाय लांब केले. "मी जरा बसले हाय."