बर्फावर अर्धा तास

"आई, आता घसरू ना?" पायात स्की बांधून बर्फावर उभ्या असलेल्या शर्वीनं पुन्हा विचारलं.

"थांब गं राणी, गॉगल लावून एक." ऋजुतानं फोन सरसावला. जाऊबाई दर वर्षी परदेशातल्या बर्फातले फोटो घरच्या ग्रुपवर टाकायच्या. यंदा आपलेही पडायलाच हवे होते. भाड्यानं मात्र एकच जोडी परवडली होती, तीही अर्ध्या तासापुरती. शर्वी बाबांबरोबर, शर्वी आईबरोबर, शर्वी हात उंचावून. मागे घोड्याची लीद दिसली, म्हणून सगळं पुन्हा.

"टाइम हो गया, मॅडम," म्हणत दुकानवाला वाकला आणि पोरीच्या पायातल्या स्की सोडवू लागला.

"अहो भैया, बच्ची तो फिसली भी नहीं!"

"दुसरे लोग खड़े हैं, मॅडम."

ऋजुतानं नवऱ्याकडे पाहिलं. परतीच्या बसपुरतेच पैसे उरले होते. त्यानं मान खाली घातली.

शर्वी रडली नाही, याचीच ऋजुताला जास्त धास्ती वाटली. तिनं फोटो ग्रुपवर टाकले, तोच मिरजेहून सासूबाईंचा फोन आला; ऋजुतानं तो स्पीकरवर लावला.

"फोटो बघितले हो! खूप घसरलीस ना, बाळा?"

शर्वीनं आईकडे पाहिलं.

"हो आजी," ती म्हणाली, "आणि एकदाही पडले नाही."