सरांच्या कुलपातली बाटली

नागपूरच्या प्रयोगशाळेचा लिफाफा फोडायला उर्वशीचा हात धजेना, म्हणून तो मधुसूदन सरांनीच फोडला. आतल्या कागदावर फॉस्फरसची एकच उंच रेघ होती. हवेने माल बिघडला की दुसरी एक रेघ उमटते. ती शोधूनही सापडेना.

"अगं, शुद्ध आहे!" सर ओरडले आणि चक्क भिंतीला टेकून खाली बसले.

उर्वशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मले वाटलं सर, याही खेपेले गेलं."

वाटणारच. फॉस्फरस आणि नायट्रोजन अशा दोन हातांनी धातूला धरून ठेवणारा हा लिगंड बनवणं फार अवघड नव्हतं, टिकवणं होतं. फुंकरभर हवा लागली की संपलं. तिने तो चारदा बनवला आणि चारदा नागपूरहून बिघडल्याचाच कागद आला. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. दोन हजार सहा साल. कापसाने अख्ख्या यवतमाळला रडवलं होतं, तिच्या वडिलांची जिनिंगमधली नोकरीही गेली होती. घराची सगळी भिस्त तिच्या प्राध्यापकीवर होती.

सरांना पहिल्यापासून घातपाताचा संशय. हितशत्रू कुठे नसतात? म्हणून बाटली त्यांच्याच कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली जानव्याला. रोज सकाळी ते बूच जरासं उघडून त्या तेलासारख्या द्रवाचा वास घेत. चांगल्या मालाचा वास उग्र, डोक्यात चढणारा. बिघडला की तो जातो. तीस वर्षांचं मुरलेलं नाक ते, यंत्राची काय बिशाद! आधीच्या चारही खेपांना वास आठवड्यात विरला होता. या खेपेला पंधरा दिवस झाले तरी जसाच्या तसा.

नमुना भरण्याच्या दिवशी सरांचा तास होता. त्यांनी किल्ली उर्वशीच्या हाती दिली. तिने काचेची नळी भरून, तोंड वितळवून बंद केली आणि स्वतः एसटीने नागपूरला पोचवली.

"या वेळी वेगळं काय केलंस?" सरांनी विचारलं.

"काही नाई सर. जरा जास्त जपलं, बस."

"जपलं मी!" सर खदखदून हसले. "राखण चोख असली की झालं. उकंडा, पेढे आण!"

प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई उकंडा दारातच घुटमळला. उर्वशी त्याला डोळ्यांनी खुणावत होती, पण त्याचं लक्ष सरांच्या कपाटाकडे होतं.

"आणतो जी," तो म्हणाला. "पन सर, आता काम झालं असन तं कपाटातलं आमचं लसणाचं तेल घिऊन जाऊ काय? नातवाच्या मालिशीले सुनेनं कढवलं होतं, थे या ताईनं खरं औषध दुसरीकडं बंद ठिऊन तुमच्या बाटलीत भरायले नेलतं."