संताचा कमरपट्टा

"उघडा की पेटी, बाबा! कशाची वाट बघताय?" दारातल्या बाया ओरडल्या.

बंधू वुल्फारने लाकडी पेटी छातीशी आणखी घट्ट धरली. उत्तरेकडच्या लुटारूंच्या लांब बोटी एकदाच्या निघून गेल्या, म्हणून लुआर नदीकाठच्या आपल्या मठात तो बारा वर्षांनी आज सकाळीच परतला होता. पायांवरची धूळ झटकायच्या आत बायांनी त्याला इथे ओढत आणलं. घरात आल्दा कालपासून अडली होती. मठातल्या संताचा कमरपट्टा पोटाला बांधला की बाई सुटते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आल्दाची सासू एर्मेन बाहेर आली. गावाची सुईणही तीच.

"किती वाळलास रे! परमुलखात जेवायला घालत नव्हते वाटतं?"

"मावशी, जरा मागच्या बाजूला चल."

कोबीच्या वाफ्यापाशी तो मटकन खाली बसला.

"पट्टा नाही माझ्याकडे. पळालो त्याच वर्षी नदी ओलांडताना पट्ट्याची पेटी वाहून गेली. ही दुसरी आहे. हिच्यात माझ्याच कमरेचा दोर आहे."

"आणि तोच दाखवत हिंडलास?"

"काय करणार? पूर्वेला गेलो, तर घोड्यांवरून तिरंदाज आले. दक्षिणेला डोंगरात शिरलो, तर तिथले घाट समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी अडवलेले. जिथे जावं तिथे माणसं जळकी घरं सोडून रस्त्यावर. पेटी बघून हात जोडायची. नाही म्हणवेना गं." त्याने पेटी मांडीवर ठेवली. "पण आल्दाला मी खोटं बांधणार नाही. तिचं काही बरंवाईट झालं तर..."

"हळू बोल. पट्टा तिच्या पोटाला कालपासून आहे."

वुल्फार बघतच राहिला.

"तुम्ही पळालात त्याच्या आदल्या दिवशी माझी लेक बेर्ता अडली होती. तुमच्या म्हाताऱ्या द्वारपालाने गुपचूप आणून दिला. सकाळी परत करायला आले, तर मठात चिटपाखरू नाही. तुम्ही पेटी उचलून चालते झालात. उघडून बघायचं नाही का?"

"महंतांच्या परवानगीशिवाय ती उघडत नाहीत," वुल्फार पुटपुटला.

"म्हणजे रिकामी पेटी बुडवलीस तू. आणि मी बारा वर्षं पांघरुणाखालून पट्टा बांधतेय. बोभाटा झाला असता, तर राहिला असता का गावात?"

वुल्फारला हसू आलं. ते आवरेना, आणि हसता हसता डोळे वाहू लागले. तेवढ्यात घरातून बाळाचा टॅहां ऐकू आला. एर्मेन झग्याचा घोळ उचलून आत धावली.

बऱ्याच वेळाने ती पट्टा घेऊन आली. काळपट पडलेलं कातडं, अजून ऊबदार.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

त्याने पट्टा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग हळूच विचारलं, "मावशी, तिकडे माझ्या दोरानं सात जणी सुटल्या. त्या कशानं?"

एर्मेनने त्याच्या पेटीतला दोर काढला, मळ झटकला, नीट गुंडाळी करून काखेत धरला.

"हा माझ्याकडे राहू दे. गावात आणखी दोघी दिवसांवर आल्यात. एकाच दिवशी अडल्या तर?"