चिखलराणीची पाखरं

घरात तिला सगळे चिखलराणी म्हणायचे, कारण शाळा सुटली की ती दुर्बीण घेऊन वस्तीमागच्या पाणथळीवर पक्षी बघत बसायची. तिथे आता टोलेजंग इमारती होणार होत्या. बिल्डरची माणसं आत्तापासूनच काठावर फुटकी कमोडं नि राडारोडा ओतायची, वर घरट्यांशेजारी थुंकायची. बघूनच तिला शिसारी यायची. पण कायदा सरळ होता: सरकारी पाहणीत घरटी दिसली, की तिथे एक वीटही रचता येणार नाही. आणि पाहणी करणारे साहेब कोण, तर खुद्द तिचे बाबा!

त्या दिवशी जेवताना बाबांनी चक्क फोन बाजूला ठेवला. "बोला चिखलराणी, तुमची पाखरं अंडी कधी घालतात?"

तिला आभाळ ठेंगणं झालं. अंडी कधी, पिल्लं कधी उडतात, सगळं तिने हातातला घास तसाच धरून सांगितलं.

"आणि तिथे कुणीच नसतं, असं कधी होतं का गं?"

"उन्हाळा संपताना. पाणी आटतं ना, मग नुसत्या भेगा."

"एवढं वर्गात बोललीस तर पहिली येशील," आई म्हणाली.

बाबा हात धुऊन गॅलरीत गेले. ती कौतुकाने टॉवेल घेऊन मागोमाग गेली, तर ते बिल्डरशी फोनवर बोलत होते.

"पाहणी उन्हाळा संपताना ठेवतो, शेठ. औषधालाही पाखरू सापडणार नाही. अहो, खात्रीची माहिती आहे, अगदी घरातली."