डाव्या हाताचा चेंडू

लढाईवरून परतल्यावर माझा नवरा एझ्रा यॉर्कशरकडून एकच सामना खेळला. समोर डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याचा पहिलाच चेंडू लेगला पडला, वळला आणि याची ऑफची दांडी घेऊन गेला. मग सामना पावसात वाहून गेला, पुन्हा बोलावणं काही आलं नाही आणि गडी परत कोळशाच्या खाणीत उतरला.

तेव्हापासून रोज खाणीतून आल्यावर, तोंडावरचा कोळसाही न धुता, मागच्या गल्लीत तोच चेंडू टाकत बसायचा. त्यासाठी हा उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने गोलंदाजी शिकला. समोर बॅट घेऊन आमची हिल्डा, कारण शेजारपाजारचं कुणी तयार होईना.

"बाबा, तुम्हाला नाही जमला, तो मला कशाला टाकता?" ती वैतागायची.

"तो खेळतात कसा, ते मला एकदा बघायचंय."

मी आतून ओरडायचे, "आधी चहा पी, गार होतोय!"

गेल्या शनिवारी हिल्डा यॉर्कशरच्या बायकांच्या संघातून पहिल्यांदा उतरली. समोर डावखुरी फिरकीवाली. चेंडू लेगला पडला, वळला. पोरीने पाय पुढे टाकला आणि कव्हरमधून सणसणीत चौकार ठोकला.

मैदानभर टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेला एझ्रा उठला, टोपी काढली आणि फलंदाजासारखी चारी बाजूंना उंचावली.

"अरे, बस खाली! टाळ्या पोरीला आहेत."

"असू देत गं. या वेळी बाद नाही झालो ना आपण."